ओहोटीची डबकी आणि तारकर्लीचा समुद्र, दोन्हीकडे चालेल असा कॅमेरा हवा आहे

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मी हाजी अली आणि कार्टर रोडच्या खडकांवर जातेय. परवा एका डबक्यात नखाएवढी समुद्री गोगलगाय दिसली, पाठीवर पिसांसारखे कल्ले फुललेले. फोन पारदर्शक पिशवीत घालून पाण्यात धरला, पण फोकस पिशवीच्या सुरकुतीवरच बसला. फार हळहळ वाटली. डिसेंबरात तारकर्लीला स्कूबा शिकायचं आहे, म्हणून आता नीट काहीतरी घ्यावं म्हणतेय. बजेट सगळं धरून ७०,०००.

ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा मनात भरलाय. केसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, मायक्रोस्कोप मोडमध्ये १ सेंटिमीटरवरून फोकस होतो आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, नंतर सुधारता येणारा फोटो) मिळते. सेन्सर मात्र छोटा. दुसरीकडे मावसभाऊ त्याचा मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा हाउसिंगसकट, म्हणजे पाण्यात न्यायच्या बंद पेटीसकट, स्वस्तात देतोय. त्याचे फोटो फारच सुंदर येतात, पण मॅक्रो (अगदी जवळून) की वाइड (मोठं दृश्य) हे किनाऱ्यावरच ठरवावं लागतं, पाण्यात लेन्स बदलता येत नाही.

शिवाय ते हाउसिंग मी तरणतलावात वापरून पाहिलं, तर दहा मिनिटांत आत थेंब दिसले. उघडलं तेव्हा ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एकच केस आडवा पडला होता! कॅमेरा वाचला. तेव्हापासून आधी रिकाम्या हाउसिंगमध्ये टिशू पेपर घालून ते बादलीत बुडवून ठेवते. टिशू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत.

खरी अडचण उजेडाची आहे. आपल्याकडचं पाणी गढूळ, कॅमेऱ्यातला फ्लॅश मारला की तरंगणारा गाळ पांढऱ्या ठिपक्यांनी फोटोभर चमकतो. स्ट्रोब (कॅमेऱ्याबाहेरचा वेगळा फ्लॅश) दांड्यावर बाजूला लांब धरला की हे कमी होतं, हे ठाऊक आहे. पण खडकाच्या कपारीत तो दांडा मावणार कसा? प्राण्याला हलवून फोटो काढणं मला अजिबात मान्य नाही. मग छोटा व्हिडिओ लाइट पुरेल का?

आणि पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. तारकर्लीला पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणून कॅमेऱ्याची जुळवणी) घेता का, की रॉमध्ये नंतर सुधारता?

ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीस बोरा बाजारात मिळतं का, तेही सांगा. टीजी घेऊन मालवणात कोणी उतरलं असेल तर आठ-दहा मीटरवरचा, काहीही न सुधारलेला एक फोटो इथे टाकाल का?