अध्यापनाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा अर्थ कोणता घ्यायचा?

पांझराकाठ (धागाकर्ता):
2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उच्चशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एकामागून एक कागद काढले. 2021 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, 2022 मध्ये संयुक्त व दुहेरी पदवीचे विनियम आले आणि 2023 मध्ये परदेशी विद्यापीठांना येथे आपला परिसर (कॅम्पस) उघडण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमात यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी ही डिझाईन संस्था यांना अशा परिसरांसाठी इरादापत्रेही दिली गेली. या साऱ्यात मोजदाद होते ती सीमा ओलांडणाऱ्या माणसांची आणि संस्थांची. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार आपल्याकडे सुमारे 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते आणि त्यांत परदेशी विद्यार्थी होते 46,878, म्हणजे हजारी एक. उरलेल्या 999 जणांच्या वर्गात काय शिकवले जाते, हा माझा प्रश्न आहे.

स्वीडनमधील माल्मो विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी-विनिमयासाठी लागणारे जुने संबंध त्याच्याकडे नव्हते. शहरात मात्र अनेक देशांतून आलेले लोक राहत होते. जे विद्यार्थी कधीच परदेशी जाणार नाहीत त्यांना जगाचा अनुभव कसा द्यायचा, या अडचणीतून बेंग्ट निल्सन यांनी ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली. आपल्या महाविद्यालयांची अडचण नेमकी हीच आहे. तेव्हा पैसा आणि वेळ परिसरांवर न घालवता अभ्यासक्रम व अध्यापनावर घालवावा, असे माझे मत आहे.

तासिकावाला:
मी तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवतो आणि आपले मत मला मुळीच पटत नाही. संलग्न महाविद्यालयातील शिक्षक अभ्यासक्रमातला एक घटकही स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाही. तो अभ्यास मंडळ ठरवते, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते आणि विद्यार्थी मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून अभ्यास करतो. अशा चौकटीत जागतिक दृष्टी आणायची कुठून? कच्च्या साखरेचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, ब्राझीलचे कारखाने भाव पाहून उसाचा रस साखरेकडे वळवतात की इथेनॉलकडे, आणि त्याची झळ आमच्या सहकारी कारखान्याच्या सभासदाला लागते, हे मी सांगू लागलो की दुसऱ्याच बाकावरून ‘सर, हे परीक्षेला आहे का?’ असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त असतो, आणि मला ‘नाही’ असेच सांगावे लागते.

परदेशी परिसर आले तर निदान तुलना तरी होईल. आज आमच्या व्यवस्थेला कोणाशीच स्पर्धा नाही, म्हणून ती हलत नाही.

पालक_पुणे:
तुलना कोणाची कोणाशी? 2023 च्या विनियमांनी त्या परिसरांना शुल्क आणि प्रवेशाचे निकष स्वतः ठरवण्याची मुभा दिली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तिकडे जाणार नाही, त्यामुळे ते महाविद्यालय घाबरून सुधारण्याचेही कारण उरत नाही. ज्या घरांतून मुले एरवी मँचेस्टरला गेली असती, त्यांचा प्रवासखर्च वाचेल, एवढे मात्र खरे.

डेल्फ्टकर:
मी काही वर्षे नेदरलँड्समधील डेल्फ्टला शिकवतो आहे. दोन्ही बाजूंनी एक मुद्दा सोडून दिलेला दिसतो, तो म्हणजे भाषा. येथील ट्वेंटे विद्यापीठाने 1 जानेवारी 2020 पासून इंग्रजी ही कारभाराची भाषा केली. अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर अध्यापन जवळजवळ पूर्ण इंग्रजीत चालते. जगभरातून विद्यार्थी आले, संशोधनाला बळ मिळाले, हे मी रोज पाहतो. मात्र विद्यार्थ्यांना घरे मिळेनाशी झाली, डच ही ज्ञानाची भाषा राहणार का अशी चिंता सुरू झाली, आणि अखेर सरकारलाच इंग्रजी शिक्षणक्रमांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा आणावा लागला.

मिलानच्या पॉलिटेक्निकने तर 2012 मध्ये सर्व पदव्युत्तर आणि डॉक्टरेट शिक्षण केवळ इंग्रजीतून देण्याचे ठरवले होते. तेथील प्राध्यापकच न्यायालयात गेले. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले की काही शिक्षणक्रम इंग्रजीत चालवायला हरकत नाही. पण इटालियनला पूर्णपणे वगळले, तर राष्ट्रभाषेचे प्राधान्य, शिक्षकाचे अध्यापनस्वातंत्र्य आणि विद्यार्थ्याचा शिक्षणाचा हक्क या तिन्हींना बाध येतो. आपल्याकडे मराठीला बाहेर काढण्यासाठी कोणाला ठराव करावा लागत नाही, ती आपोआप बाहेर पडते. म्हणून न्यायालयात जाण्यासारखेही काही उरत नाही.

तासिकावाला:
डेल्फ्टकर, आपल्याविषयी आदर राखून सांगतो, ही चिंता भरल्या पोटाची आहे. डच विद्यार्थ्याला शाळेतच उत्तम इंग्रजी मिळते. माझ्या विद्यार्थ्याची मुलाखत इंग्रजीवर अडते. त्याला आपण मराठीचे रक्षण शिकवणार का?

पांझराकाठ:
मुलाखतीचा मुद्दा मान्य आहे. इंग्रजी नीट शिकवलीच पाहिजे. परंतु इंग्रजी शिकणे आणि भूगोल इंग्रजीतून न समजता पाठ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मनात काय आहे ते एका उदाहरणाने सांगतो.

आमच्या धुळ्याच्या पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी मिळणाऱ्या शेतीचे फड, म्हणजे भाग, पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे आणि भांडणे शेतकऱ्यांनीच मिटवायची, अशी ती व्यवस्था. नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून चालत आलेली, पाण्याचा स्थानिक कारभार पाहणारी जलमंडळे आहेत. आज ती 21 आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि ती स्वतःचा कर घेतात. तिकडे प्रश्न पाणी बाहेर काढण्याचा आणि इकडे ते पुरवून वापरण्याचा, पण सामाईक पाण्याचा कारभार कोणी करायचा हे कोडे दोन्हीकडे एकच. धुळ्याच्या विद्यार्थ्याने फडाची माहिती गावात मराठीत गोळा करावी, डेल्फ्टच्या विद्यार्थ्याने जलमंडळाची डचमध्ये, आणि दोघांनी पडद्यावर समोरासमोर बसून इंग्रजीत एकमेकांना समजावून द्यावी. येथे धुळ्याचा मुलगा रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्याकडे असे काही असते जे डेल्फ्टला ठाऊक नाही.

डेल्फ्टकर:
वेळेचा प्रश्न येणार नाही. हिवाळ्यात येथे सकाळचे दहा म्हणजे तिकडे दुपारचे अडीच. अडचण वेळापत्रकाची येईल. आमचे वर्ष दहा-दहा आठवड्यांच्या चार भागांत विभागलेले असते, आणि तुमच्याकडे सत्र कधी सुरू होईल हे प्रवेशप्रक्रिया ठरवते. चार आठवड्यांचा छोटा उपक्रम बसू शकेल, त्याहून मोठा नाही. मी तरीही तयार आहे.

पांझराकाठ:
चार आठवडे पुरेत. नव्या धोरणाच्या अभ्यासक्रम-रचनेत क्षेत्र प्रकल्पाला (फील्ड प्रोजेक्ट) श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यात हे बसवले तर अभ्यास मंडळाकडे जाण्याचीही गरज नाही, आणि ‘परीक्षेला आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येईल. साखरेच्या भावावरही असाच प्रकल्प होऊ शकतो.

तासिकावाला:
हे जमण्यासारखे आहे, हे मी मान्य करतो, आणि साखरेचा प्रकल्प मी करूनही पाहीन. मला मानधन मिळते ते वर्गात घेतलेल्या तासिकेचे. डेल्फ्टशी जुळवाजुळव, विद्यार्थ्यांना गावात नेणे, त्यांचे इंग्रजी टिपण दुरुस्त करणे, हे तास देयकाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे, तेवढे सांगा.