कार-टी: पेशी देण्याआधी पुन्हा केमो कशाला? आणि नंतरच्या तापाचं काय?

प्रश्न
बी-पेशींच्या ल्युकेमियात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत सीडी१९ (बी-पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) ओळखणारा रिसेप्टर बसवून परत देतात, हीच कार-टी, इथपर्यंत कळलं. पण पेशी तयार असताना आधी पुन्हा केमो का? आणि नंतर येणारा ताप म्हणजे औषध लागू पडल्याची खूण, असं ऐकलंय. मग त्याची एवढी धास्ती का घेतात?

प्रतिसाद १
या केमोचं मुख्य काम कॅन्सर मारणं नाही, जागा मोकळी करणं आहे. फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइडने जुने लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) घटले की आयएल-७ आणि आयएल-१५ या टी-पेशींना वाढवणाऱ्या रेणूंत वाटेकरी उरत नाहीत, ते नव्या पेशींना मिळतात. हा टप्पा गाळला तर पेशी नीट वाढत नाहीत, टिकत नाहीत.

पिशवी ३७ अंशांवर वितळवली की साधारण अर्ध्या तासात द्यायची, कारण गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेलं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर पेशींना बाधतं. आणि नळीला ल्युकोसाइट फिल्टर (पांढऱ्या पेशी गाळणारी जाळी) अजिबात नको! औषधच त्यात अडकेल.

प्रतिसाद २
ताप ३८ अंशांवर गेला की सायटोकाइनचा भडका (नव्या पेशी कामाला लागल्यावर दाह वाढवणारे रेणू रक्तात एकदम वाढणं) धरायचाच, पण तेव्हा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तळाला असू शकतात. नुसत्या तापावरून संसर्ग वेगळा काढता येत नाही. म्हणून ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं आणि रक्तदाब, ऑक्सिजन सतत बघायचे. दोन्हीपैकी एकही घसरला तर हा भडका शमवणारं टोसिलिझुमॅब: किलोमागे ८ मिग्रॅ, ३० किलोखालच्यांना १२, एका वेळी कमाल ८००. ताप आला नाही म्हणजे औषध फुकट गेलं, असंही नाही.

प्रतिसाद ३
मेंदूकडे दुर्लक्ष नको, या उपचाराचा त्रास मेंदूलाही होऊ शकतो. रोज एक वाक्य लिहून घ्या, १०० पासून दहा-दहाने उलटं मोजायला सांगा. अक्षर बिघडणं ही फार लवकर दिसणारी खूण. इथे टोसिलिझुमॅबचा भरवसा नाही, ते मेंदूत फारसं पोचत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लागतं.

प्रश्नकर्ता
स्टेरॉइडने नव्या पेशीच मरणार नाहीत का?

प्रतिसाद ३
म्हणूनच ते आधीपासून, खबरदारी म्हणून देत नाहीत. पण गरज पडली की थांबू नका, थोड्या दिवसांच्या कोर्सने सहसा परिणाम पुसला जात नाही. पुढे आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) तपासत राहा. ४०० मिग्रॅ/डेसिलिटरखाली गेलं तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यावं लागू शकतं, कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही सीडी१९ असतोच, त्यामुळे त्याही मारल्या जातात. त्या पहिल्या काही महिन्यांतच परत दिसू लागल्या तर नव्या पेशी संपत आल्याची शंका घ्यायची आणि अस्थिमज्जा तपासायची.