आयपॉड घेतला की दुसरा कुठला? म्युझिक प्लेअर निवडतानाचे अनुभव

एक काळ असा होता की खिशातल्या कुठल्याही म्युझिक प्लेअरला लोक सरसकट आयपॉडच म्हणायचे, मग तो कोणत्या का कंपनीचा असेना. क्रिएटिव्ह, आयरिव्हर, कोवॉन, सॅनडिस्क, सोनी, नंतर मायक्रोसॉफ्टचा झून, सगळे बाजारात होते, पण कव्हर घ्या, डॉक घ्या, स्पीकर घ्या, सगळं बनायचं एकाच्याच मापाने. २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने शेवटचा आयपॉड टचसुद्धा बंद केला, तरी जुने आयपॉड अजून विकले-घेतले जातात आणि फोन बाजूला ठेवून फक्त गाण्यांसाठी वेगळं काहीतरी हवं असं वाटणाऱ्याच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं. तर तुम्ही काय निवडलंत आणि का, ते लिहा. नुसतं 'मस्त आहे' नको, गाणी आत कशी जातात, बटणं न बघता चालतात का, बॅटरी गेल्यावर काय केलंत, असं सगळं येऊ द्या.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझी सगळी गाणी फोल्डरमध्ये लावलेली, गायकाप्रमाणे, मग अल्बमप्रमाणे, आणि मला तीच रचना प्लेअरवर हवी होती. घरातला एक आयपॉड कॉम्प्युटरला लावून त्यातली लपवलेली फोल्डरं उघडून बघितली तर एफ००, एफ०१ अशी फोल्डरांची रांग आणि आत चार-चार अक्षरांची, काही अर्थ नसलेली फाइलींची नावं. कुठलं गाणं कुठे आहे हे एका वेगळ्या डेटाबेसला माहीत, त्यामुळे फाइल नुसती कॉपी करून टाकली तर प्लेअरला ती दिसतच नाही, ॲपलच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधूनच जावं लागतं. तिथेच ठरलं. मी सॅनडिस्कचा सान्सा क्लिप घेतला, सेटिंगमध्ये यूएसबी मोड एमएससी केला की तो सरळ पेनड्राइव्ह, टाका आणि काढा. एफएम रेडिओ होता, आवाज रेकॉर्ड व्हायचा, शर्टाला अडकवला की विसरून जायचं. २००९ च्या क्लिप प्लसमध्ये तर मायक्रोएसडी कार्डही बसायला लागलं.

---

वरच्या डेटाबेसच्या मुद्द्याला दुसरी बाजू पण आहे बरं का. तो डेटाबेस आहे म्हणूनच मला आयपॉड सोडवत नाही! मी प्रत्येक गाण्याला तारे देते, कितीदा ऐकलं ते मोजलं जातं, आणि आयट्यून्समध्ये 'चार तारे आणि वरची, पण गेल्या दोन महिन्यांत न ऐकलेली' अशी स्मार्ट प्लेलिस्ट बनवून ठेवली की दर वेळी सिंक केल्यावर विसरलेली गाणी आपोआप पुढे येतात, फोल्डरवाल्या प्लेअरवर हे हाताने कोण करणार. आणि आयपॉडवरचं ते गोल व्हील. हजारो गाण्यांच्या यादीत खाली-खाली बटण दाबत जायचं म्हणजे जीव जातो, इथे अंगठा गोल फिरवला की झालं, जोरात फिरवला तर स्क्रीनवर मोठं अक्षर येतं आणि यादी अक्षरा-अक्षराने पुढे सरकते. खिशातल्या खिशात आवाज कमी-जास्त होतो. बाकीच्यांनी फीचर वाढवले पण यादीत फिरायचं कसं याचा इतका विचार केलेला मला तरी कुठे दिसला नाही.

---

व्हीलबद्दल अनुमोदन. फक्त एक भर, मैफलींची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांनी दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो का ते आधी तपासा. टाळ्या चालू असताना किंवा तान अर्धी असताना क्षणभर शांतता झाली की सगळा रंग जातो. आयपॉडला सुद्धा खंड न पाडता वाजवणं २००६ च्या सप्टेंबरात जमलं, तोवर रॉकबॉक्स हे फर्मवेअर (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलेल्या प्लेअरवाले निवांत ऐकत होते.

---

माझा मुद्दा विकत घेतलेल्या गाण्यांचा. एका ऑनलाइन दुकानातून मी बरीच गाणी रीतसर पैसे मोजून घेतली होती आणि प्लेअर बदलला तेव्हा त्यातलं एकही नव्यावर वाजेना, कारण फाइलीवरचं डिजिटल कुलूप. त्या काळात ॲपलचं कुलूप फेअरप्ले, ते आयपॉडशिवाय कुठल्या प्लेअरवर उघडत नसे, बाकीच्या कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टचं प्लेजफॉरशुअर, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच झून आणला तर त्यावर प्लेजफॉरशुअरची गाणी चालत नव्हती. म्हणजे प्लेअर निवडताना आपण खरं तर दुकान निवडत होतो आणि हे कुणी सांगत नव्हतं. २००९ मध्ये आयट्यून्सच्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप निघालं. तेव्हापासून मी सीडी घेऊन स्वतः फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फाइलीचा प्रकार) उतरवतो आणि फ्लॅक चालतं का हा माझा पहिला प्रश्न असतो, कोवॉनवर चालतं, आयपॉडवर मुळात चालत नाही, त्याला ॲपल लॉसलेस या ॲपलच्या तशाच प्रकारात बदलून द्यावं लागतं. बदलताना दर्जा जात नाही, पण मोठा संग्रह असला की वेळ जातो.

---

झूनचं नाव निघालं म्हणून लिहिते. हार्डवेअर छान, स्क्रीन मोठी, मेन्यू वाचायला सुरेख. वायफायवरून एका झूनवरचं गाणं दुसऱ्याला पाठवता यायचं, सुरुवातीला तीन दिवस किंवा तीनदा ऐकण्यापुरतं. कल्पना मला फार आवडलेली. पण पाठवणार कुणाला, माझ्या ओळखीत दुसरा झून कुणाकडेच नव्हता. एकाच ब्रँडचा बाजार असला की दुसऱ्याचं चांगलं फीचरसुद्धा असं वापराविना पडून राहतं.

---

मला दिसत नाही, त्यामुळे माझी निवड तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळ्या कारणांनी झाली. गुळगुळीत टच पॅड, टच स्क्रीन, सुंदर मेन्यू, याचा मला उपयोग शून्य. स्क्रीनच नसलेला आयपॉड शफल मला सोपा पडेल असं सगळे म्हणायचे, पण त्यात हवं ते गाणं शोधायचं कसं? २००९ च्या शफलमध्ये गाण्याचं नाव बोलून सांगायची सोय आली खरी, पण त्याच मॉडेलमध्ये बटणं यंत्रावरून काढून इअरफोनच्या वायरवर नेली, म्हणजे इअरफोन खराब झाला की साधा दुसरा लावून गाणं पुढे ढकलता येत नाही. (पुढच्या वर्षी बटणं परत आणली.)

माझं काम झालं ते रॉकबॉक्समुळे. हे फुकट मिळणारं, हौशी लोकांनी लिहिलेलं फर्मवेअर, सुरुवात झाली आर्कोसच्या प्लेअरसाठी, मग आयरिव्हर, सान्सा, आणि जुन्या आयपॉडवर सुद्धा चालायला लागलं. त्यात मेन्यू बोलतो. प्रत्येक सेटिंग, आवाजाची पातळी, बॅटरी किती उरली, सगळं. आणि कॉम्प्युटरवर रॉकबॉक्स युटिलिटी चालवली की एकेका फोल्डरसाठी एक छोटी बोलकी फाइल बनते, मग प्लेअरवर फोल्डरवर आलं की त्याचं नाव ऐकू येतं, दाबलं की आत, परत दाबलं की गाणं सुरू. कुणालाही न विचारता मला हवं ते गाणं मी लावू शकतो, याचं मोल मी शब्दांत नाही सांगू शकणार. २००८ च्या आयपॉड नॅनोपासून ॲपलनेही बोलता मेन्यू दिला, चांगलंच केलं, पण फोल्डरची सवय झाल्यावर मी तिकडे गेलो नाही. घेताना माझी एकच परीक्षा असते, प्लेअर हातात धरून बोटांनी चाचपायचा, बटणं एकमेकांपासून वेगळी कळली पाहिजेत.

---

हे वाचून रॉकबॉक्स आजच बघतो, वरच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. माझी अडचण देवनागरीची. टॅगमध्ये (फाइलीतच साठवलेलं गाण्याचं-गायकाचं नाव) मराठी नावं लिहिली की माझ्या प्लेअरवर नुसते चौकोन, आणि त्यानंतरच्या प्लेअरवर अक्षरं आली पण जोडाक्षरं तुटलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर. शेवटी सगळी नावं रोमनमध्ये केली. घेण्याआधी एक मराठी नावाची फाइल टाकून बघायला मिळाली तर जरूर बघा.

---

आता कुणी वापरलेला आयपॉड घेणार असेल तर माझं मत, आयपॉड क्लासिक नको, त्याआधीचा पाचव्या पिढीचा व्हिडिओ आयपॉड बघा. क्लासिकची धातूची बॉडी उघडताना कडा वाकतात, पाचवा त्या मानाने सहज उघडतो. फक्त बॅटरीची पट्टी पातळ असते, झाकण एकदम ओढायचं नाही. आतली हार्डडिस्क काढून ॲडॉप्टरवर एसडी कार्ड बसवलं की वजन कमी, धक्क्याची भीती नाही आणि बॅटरीही जास्त चालते. सुट्टे भाग अजून मिळतात ते याच ब्रँडचे, कारण इतके खपले म्हणून. हे दुसऱ्या कुठल्याही जुन्या प्लेअरबाबत म्हणता येत नाही.

---

वायरचं पण बघा घेताना. सान्सा क्लिपला मिनी यूएसबी, क्लिप प्लसलाही मिनीच, सान्सा फ्यूजला स्वतःची रुंद पिन, दिसायला आयपॉडच्या ३० पिनसारखी पण ती नव्हे. जुना प्लेअर वायरशिवाय मिळत असेल तर आधी वायर शोधा, मग प्लेअर घ्या.