खालच्या जबड्यातली ‘शीर’ म्हणजे नेमकी कोणती?

तापीकाठ: जळगावच्या एका दंतवैद्यांसाठी अक्कलदाढेचं माहितीपत्रक मराठीत करतेय. दाढेच्या मुळांखालून हाडात एक अरुंद वाट जाते. तिच्यातून तिघी एकत्र जातात: एक संवेदनेची, दोन रक्ताच्या. मी चेता (संवेदना नेणारी), रोहिणी (म्हणजे धमनी, रक्त आणणारी) आणि नीला (रक्त परत नेणारी) लिहिलं. वाचून दाखवलं तर पेशंट म्हणतात, “म्हणजे शीर ना?” शीर लिहिलं, तर पहिलीला इजा झाल्यास खालचा ओठ नि हनुवटी बधिर होते आणि इतर दोघींना झाल्यास रक्त वाहतं, हा फरक कसा कळणार?

पांझराकर: ‘नस’ लिहा. आमच्याकडे ‘नस दबनी’ म्हटलं की मुंग्या आणि बधिरपणा हेच समजतात. रक्तासाठी रक्तवाहिनी पुरे.

शुद्धमती: नस हिंदी वळणाचा. ‘मज्जातंतू’ हा रुळलेला मराठी शब्द असताना तो का टाकायचा?

पांझराकर: माझ्या आजीला अहिराणीखेरीज काही येत नव्हतं. ती नसच म्हणायची.

तापीकाठ: मज्जातंतूची अडचण वेगळी. इथे गोष्ट हाडाच्या आतली आहे. ‘मज्जा’ वाचून लोक अस्थिमज्जाच समजतील.

वैद्यबुवा: मुळात गोंधळ जुना आहे. सुश्रुताने सिरा ७००, धमन्या २४, स्नायू ९०० मोजले. त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ चेता झाला, मराठीत मांसपेशी. शीर ही त्या सिरेचीच लेक, तिला रक्तापासून तोडू नका.

शुद्धमती: मग ‘शीर आखडली’ म्हणतो तेव्हा रक्त आखडतं का? वापरात शीर केव्हाच पुढे गेलीय.

केळीबाग: दात आवळा, गालाचा स्नायू फुगेल. त्याच्या पुढच्या कडेला, जबड्याच्या खालच्या काठावर बोट ठेवा. ठोका लागतो ती धमनी, हाडाबाहेरची. आमच्या घरी तिलाही शीरच म्हणतात!

तापीकाठ: आणि ती हाडातली वाट? मी ‘कालवा’ लिहिलंय.

पांझराकर: नको. कालवा म्हटलं की आम्हाला फडाचा, म्हणजे शेतांना पाणी देणारा, पाट दिसतो, आणि पाट वरून उघडा असतो. ही वाट चहूबाजूंनी बंद. ‘बोगदा’ लिहा.

शुद्धमती: बोगदा डोंगराला असतो. ‘नलिका’.

वैद्यबुवा: नलिकेला स्वतःची भिंत लागते. इथे भिंत हाडाचीच आहे. बोगद्याला माझं मत.

केळीबाग: उपदाढांच्या खाली जिथून ती नस हनुवटीकडे बाहेर पडते, त्या भोकाला काय म्हणणार? बोगद्याचं तोंड?