क्यूटी ॲप : विंडोजवर मिनजीडब्ल्यू की एमएसव्हीसी? आणि तेच अँड्रॉइडवरही हवंय

नमस्कार मंडळी,

मामांच्या दूध संकलन केंद्रासाठी क्यूटी ६.८ मध्ये (सी++ मध्ये ॲप लिहायची चौकट) ॲप करतोय. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) भरायचं आणि दर दहा दिवसांनी सभासदांची बिलं काढायची, एवढंच काम. विंडोजवर मिनजीडब्ल्यू हा कंपायलर (कोडचं चालणारं ॲप बनवणारा प्रोग्राम) घेतला, कारण क्यूटीच्या इन्स्टॉलरमध्येच मिळाला.

घोडं दोन ठिकाणी अडलंय. वजनकाट्यासोबत आलेल्या डीएलएलमध्ये (तयार कोडच्या फाइलीत) सी++ चा क्लास आहे, तो एमएसव्हीसीने (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने) बांधलेला. लिंक करायला (माझ्या ॲपला जोडायला) गेलो की प्रत्येक फंक्शनला 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. हेडर तपासलं, पाथ तपासला, अख्खा रविवार गेला. दुसरं, बिलं दाखवायला वेबइंजिन (क्यूटीचा वेबपान दाखवणारा भाग) घ्यावं म्हटलं तर मिनजीडब्ल्यूच्या किटमध्ये ते नाहीच.

त्यात मामांचं नवीन टुमणं, "आजचं संकलन मला फोनवर दिसायला पाहिजे." एपीके (अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल) काढलं. माझ्या फोनवर चाललं, मामांच्या जुन्या फोनवर 'नो मॅचिंग एबीआयज' (फोनच्या प्रोसेसरला जुळणारा कोड नाही). कंपायलर बदलला तर हेही सुटेल का?

प्रतिसाद

नाही सुटणार. विंडोजच्या कंपायलरचा फोनशी काही संबंध नाही. अँड्रॉइडचा बिल्ड एनडीकेमधल्या (गूगलच्या सी++ साधनसंचातल्या) क्लँग कंपायलरनेच होतो. जीसीसी (मिनजीडब्ल्यूमधला कंपायलर) तर २०१८ मध्ये एनडीकेच्या आर१८ आवृत्तीपासून तिथून गेलाच.

विंडोजवर मात्र एमएसव्हीसीच घ्या. सी++ च्या फंक्शनांना हे दोन कंपायलर आतून वेगवेगळी नावं देतात, म्हणून लिंकरला ती सापडत नाहीत. डीएलएलमध्ये साधी सी फंक्शनं असती तर मिनजीडब्ल्यूवरही निभावलं असतं. वेबइंजिनही एमएसव्हीसीवर मिळेल, पण अँड्रॉइडवर ते नाही. दहा ओळींच्या बिलाला अख्खं क्रोमियम (वेबइंजिनच्या आतला ब्राउझर) कशाला? क्यूटीच्या क्यूटेक्स्टडॉक्युमेंट क्लासमध्ये साधं एचटीएमएल टेबल छान बसतं. काट्याचा कोड वेगळ्या क्लासमध्ये काढा आणि सीमेकमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) 'इफ विन३२' लावून फोनच्या बिल्डमधून वगळा.

मामांचा फोन ३२ बिटचा असणार आणि तुमच्या एपीकेत फक्त आर्म६४ (६४ बिटचा कोड) असेल. मेंटेनन्स टूलमधून आर्मव्ही७ चं (३२ बिटचं) किट घ्या, सीमेकच्या क्यूटी_अँड्रॉइड_एबीआयज या सेटिंगमध्ये दोन्ही नावं टाका. अँड्रॉइड कितवं आहे? क्यूटी ६.८ ला किमान ९ लागतं.

धागाकर्ता

एमएसव्हीसीवर पहिल्याच फटक्यात लिंक झालं, काटा ४१.६ दाखवतोय! मामांचा फोन अँड्रॉइड ८ निघाला. आता?

प्रतिसाद

मग क्यूटी ६.५ वर या, ते अँड्रॉइड ८ वर चालतं. नाहीतर मामांना नवा फोन घ्यायला लावा, तेवढंच तुमचं मानधन.