सभागृहातील जुना संगणक आणि होम थिएटरचे स्पीकर

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारच्या भजनासाठी ए विंगमधील काकूंनी दिलेले दोन स्पीकर काल संध्याकाळी सभागृहातील संगणकाला जोडले; परंतु आवाज जवळजवळ येतच नाही. वॉचमनमामांनी "सौंड बरल्ला, सर" (आवाज येत नाही) असे कानडीत सांगितल्यावर मी खाली जाऊन स्पीकरला कान लावला, तेव्हा डास गुणगुणावा एवढेच काही ऐकू आले. संगणक जुना झाल्यामुळे हे होत असेल, तर तो बदलावा का, याविषयी मत कळवावे.

ए-१०२: आमच्या होम थिएटरचा मुख्य डबा गेल्या पावसाळ्यात बंद पडला, तो आम्ही भंगारात दिला. स्पीकर मात्र शेवटपर्यंत खणखणीत वाजत होते, त्यामुळे दोष त्यांचा नसावा.

सी-३०१: सचिवसाहेब, संगणक बदलण्याची घाई करू नये, काकूंनी भंगारात दिलेल्या डब्यातच या प्रश्नाचे उत्तर होते. ज्या स्पीकरला विजेची स्वतःची वायर असते, त्याच्या पोटात आवाजाचा संकेत मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि तो संगणकाला थेट जोडता येतो; या स्पीकरना मागे फक्त लाल आणि काळी अशा दोन उघड्या तारा आहेत, म्हणजे त्यांना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर त्या मुख्य डब्यात होता. संगणकाच्या मागील हिरव्या छिद्रातून साधारण एक व्होल्टचा संकेत बाहेर पडतो आणि तो काही हजार ओहमच्या भारासाठी असतो, तर आपल्या स्पीकरवरील चिठ्ठीवर चार ओहम लिहिले आहे; ओहम जेवढे कमी तेवढा विजेचा प्रवाह जास्त लागतो, आणि तेवढा त्या छिद्रातून मिळत नाही. पिन बसली म्हणून जोडणी जुळली असे होत नाही.

बी-२०४: काका, ती पिन मीच जोडली होती. मोबाइलच्या जुन्या हेडफोनची वायर कापून तिच्या तारा स्पीकरच्या तारांना पिळल्या, पण एका बाजूला तेवढाही आवाज आला नाही. आज खडेबाजारातून तीन अधिक तीन वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणला आहे. तो संगणकाच्या यूएसबीवर चालतो, असे दुकानदार म्हणाले.

सी-३०१: बोर्ड योग्य आणलास. हेडफोनच्या बारीक तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तो नखाने निघत नाही; ब्लेडने हलकेच खरवडून तांबे चमकेपर्यंत साफ केल्याशिवाय जोड पक्का होत नाही, म्हणून तुझी एक बाजू मुकी राहिली. त्यातली चौथी तार माइकची असते, ती मोकळी सोडून तिच्यावर चिकटपट्टी लाव.

दोन गोष्टींची मात्र काळजी घे. पहिली म्हणजे, जुन्या संगणकाच्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात, आणि हा बोर्ड पूर्ण आवाजात त्याच्या दुपटीहून अधिक मागतो. शिवाय वीज आणि आवाज दोन्ही एकाच संगणकातून घेतले की स्पीकरमध्ये कुरकुर येते, माउस हलवला तरी ऐकू येते. म्हणून मोबाइलचा दोन अँपिअरचा वेगळा चार्जर वापर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र जोडण्याची आपल्याकडे सवय आहे, पण या प्रकारच्या बोर्डमध्ये त्या एकमेकींना किंवा संगणकाच्या पत्र्याला लागल्या, तर बोर्ड जळू शकतो. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा त्याच्याच जागी स्वतंत्र जोड.

ए-१०२: एवढ्याशा बोर्डाने टाळ-पखवाजासमोर अभंग ऐकू येईल का?

सी-३०१: खरे सांगायचे तर नाही, काकू. सूचना किंवा प्रवचन पुरेसे ऐकू येईल. टाळ वाजू लागल्यावर बारा व्होल्टवर चालणारा मोठा बोर्ड लागेल, जो चार ओहमच्या स्पीकरला पंधरा वॅटच्या आसपास देतो. मात्र स्पीकरवरील वॅटचा आकडा त्याहून कमी असेल, तर आवाज पूर्ण वाढवू नये.

डी-४०३: आमचा टीव्हीचा साउंडबार पडून आहे, तो चालेल का? त्याला मागे प्रकाशाची चौकोनी जोडणी आणि ब्लूटूथ एवढेच आहे.

सी-३०१: आपल्या संगणकात यांपैकी काहीच नाही. एका जोडणीचा संकेत दुसरीत बदलणारा, बाजारात स्वस्तात मिळणारा डबा बहुधा प्रकाशाच्या संकेतापासून साधा आवाज तयार करतो आणि आपल्याला हवे आहे नेमके उलट. त्यापेक्षा यूएसबीत बसणारे ब्लूटूथ घ्यावे, फक्त त्यावर संगणकाच्या जुन्या विंडोजचे नाव आहे की नाही ते आधी पाहावे.

सचिव: संगणक बदलण्याचा विषय येथेच थांबवतो. कोणाकडे जुन्या राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर पडून असल्यास शुक्रवारी सहापर्यंत वॉचमनमामांकडे द्यावा. बी-२०४, तुम्ही काकांसमोरच तारा जोडाव्यात, ही विनंती.