आईला घेऊन मे महिन्यात तोरणमाळ, जमेल का?

प्रश्न: आम्ही जळगावचे. इथं पारा 45 ला टेकतो, आईला उन्हाचा फार त्रास होतो. महाबळेश्वर लांब पडतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला, त्या थंड हवेच्या ठिकाणी, दोन दिवस नेलं तर गारवा मिळेल का? तिचे गुडघे दुखतात.

उत्तर १: दादा, नक्की न्या. मी शहाद्याचा, लहानपणापासून जातोय. उंची सुमारे 1150 मीटर. दुपारी ऊन लागतं, पण सावलीत जीव शांत होतो, आणि रात्री चादर अंगावर घ्यावीच लागते. म्हसावदवरून राणीपूर, पुढे सातपायरीचा घाट. वळणं अवघड आहेत, म्हणून अंधारात चढू नका. आईंना यशवंत तलावाच्या काठी बसवा, तिथं चालणं फारसं नाही. सीताखाई ही खोल दरी, ती वरूनच बघायची. तिचा धबधबा मात्र पावसाळ्यातच.

मेमध्ये अजून एक बघा: पाड्यांवर बाया कैऱ्या चिरून खडकांवर वाळत घालतात. त्याचाच आमचूर. काठाला तपकिरी पडलेली ती फोड हातात घेतली की आंबट वास दिवसभर बोटांना राहतो. आमचूर त्या बायांकडूनच घ्या, घासाघीस करू नका. फार कष्टाचं काम आहे ते.

उत्तर २: गोरखनाथाचं मंदिरही दाखवा. महाशिवरात्रीला मध्य प्रदेशातूनसुद्धा लोक चालत येतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे भाऊ. आई आमचूरचं ऐकूनच तयार झाली. पहाटेच निघतो.

उत्तर १: शहाद्यातच पेट्रोल भरून घ्या. औषधंही सोबत असू द्या.